हात न लावलेला डबा

१

पुंडलिक साळवेनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण तसंच हातात धरून तो म्हणाला, "हे माझं नाय."

टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं होती. कुणीतरी हसलं. दुसरं कुणी म्हणालं, आता हरायची वेळ आली म्हणून नाटकं सुरू झाली. पुंडलिक काही त्यांच्याशी भांडला नाही. डब्यावरून नजर न काढता तो एवढंच म्हणाला, की सिक्युरिटीवाल्या काकासाहेबांना बोलवा, तोवर कुणी इथलं काही हलवायचं नाही.

काकासाहेब गेटवर बसून चहाच्या ग्लासावरची साय बोटानं बाजूला सारत होते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन ते चिकलठाण्याच्या या कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर झाले, ते निदान म्हातारपणी तरी माणसांची घाण पाहावी लागू नये म्हणून. नामांतराच्या पहिल्या दंगलीत ते बंदोबस्ताला होते. जळालेल्या घरांपुढे उभं राहून गावचे पुढारी "आम्हाला काही ठाऊक नाही" म्हणत, आणि पंचनामा संपायच्या आत त्यांच्यासाठी चहा मागवत. तेव्हापासून माणूस गोड बोलू लागला की काकासाहेबांच्या पोटात ढवळायला लागे. डॉक्टर त्याला पित्त म्हणत. काकासाहेबांना त्याचं खरं नाव ठाऊक होतं.

"रेसच्या खेळात डब्याला कुणीतरी हात घातला," असा निरोप आला तेव्हा त्यांना आधी हसू आलं. चिंचोक्यांच्या खेळासाठी फौजदार? पण पुंडलिकचं काय पणाला लागलं आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते उठले.

खेळ टूलरूमच्या पोरांनी काढलेला होता. मोटारींच्या शर्यतीचा, पण मोटार नसलेला. मिसळणाचा डबा म्हणजे गाडी. त्यातल्या सात वाट्या म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक, टायर, स्प्रिंग, बॉडी आणि टाकी. डब्याच्या काठावर ही नावं रंगानं लिहिलेली. प्रत्येकाला सारखेच चिंचोके, ते कुठल्या वाटीत किती टाकायचे ही ज्याची त्याची अक्कल. रस्ता सकाळी जाहीर होई. जालना रोड म्हणजे सरळ सपाट, तिथं इंजिन आणि टाकी. फुलंब्रीचा रस्ता खड्ड्यांचा, तिथं स्प्रिंग. खुलताबादच्या चढाला गिअर. आणि फर्दापूरचा घाट उतरायचा तर ब्रेक आणि टायर, नाहीतर गाडी दरीत. भिंतीवरच्या तक्त्यावरून पंच हिशोब लावत आणि कोण जिंकलं ते सांगत.

हे सगळं पोरखेळच राहिलं असतं. पण एका शनिवारी मॅनेजर येऊन बसले आणि रस्त्यागणिक गाडी बदलायची पुंडलिकची हातोटी बघून खूश झाले. वाळूजला नवा प्लांट उभा राहत होता, तिथं डिझाइनच्या खोलीत एक जागा होती. मॅनेजरांनी जाहीर करून टाकलं, की यंदाच्या हंगामात जो पहिला येईल तो त्या जागेवर बसेल, मग डिप्लोमा असो वा नसो. पुंडलिक आयटीआय झालेला फिटर. सात वर्षं पत्रा घासत होता. ड्रॉइंग बोर्डपुढे बसायची संधी त्याला दुसऱ्या कुठल्याही दारानं मिळणार नव्हती.

आज शेवटची शर्यत होती. फर्दापूरचा घाट. पुंडलिक सगळ्यांच्या पुढे होता, नुसती गाडी धड खाली उतरवली असती तरी पुरे होतं. आणि त्याच्या डब्यात इंजिनाला नऊ चिंचोके होते आणि ब्रेकला तीन.

२

"घाट उतरायला इंजिन कशाला लागतंय, काका?" पुंडलिक म्हणाला. "मी नऊ ब्रेकला टाकले व्हते. तीन इंजिनाला. तुमी वाट्याच बघा ना."

काकासाहेबांनी पाहिलं. बाकीच्यांचे डबे या खेळासाठी गुलमंडीवरून आणलेले, कोरे चकचकीत. पुंडलिकचा डबा घरातला. दर शनिवारी त्याची बायको आशाबाई मसाले कागदाच्या पुड्यांत काढून डबा रिकामा करून देई आणि रात्री परत भरी. हळदीच्या वाटीला हळद आतून-बाहेरून धरलेली, तिखटाची वाटी लालसर. पुंडलिकनं वाट्यांच्या जागा कायमच्या ठरवल्या होत्या, घरी परत भरताना घोटाळा नको म्हणून. हळदीची ब्रेकला, तिखटाची इंजिनाला. आता पिवळी वाटी इंजिनाच्या जागी बसली होती, नऊ चिंचोक्यांसकट. लाल वाटी ब्रेकच्या जागी.

म्हणजे कुणी चिंचोके हलवले नव्हते. दोन वाट्यांची अदलाबदल केली होती.

"सकाळी तूच चुकून बसवल्या नसशील कशावरून?"

"मी डबा भरताना कुनी बघितलं व्हतं का, तर नाय. ते कसं दाखवीन?" पुंडलिक म्हणाला. "पन काका, हात बसलाय माझा. दर शनिवारी वाट्या ह्याच जागी बसवतो मी."

मॅनेजर दारात उभे होते. ते म्हणाले, की संध्याकाळी मुंबईच्या मोठ्या ऑफिसला फोन करून वाळूजच्या जागेसाठी नाव कळवायचं आहे. तोवर छडा लागला तर ठीक, नाहीतर नियम तो नियम, डबा उघडताना जे निघालं तेच धरायचं.

सगळे डबे भरून, झाकणं लावून या करमणुकीच्या खोलीत टेबलावर ठेवले होते. मग सगळे शेजारच्या कँटीनमध्ये गेले. संक्रांतीचा तिळगूळ होता आणि पुंडलिकचे पेढेही होते. त्याच आठवड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. पुंडलिक बौद्ध होता. हे कंपनीत कुणी बोलून दाखवत नसे, फक्त पाळत असे. पेढे वाटताना तो एकदाही कँटीनबाहेर गेला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पेढा काकासाहेबांनीही खाल्ला होता.

मधल्या वेळात खोलीत परत गेले ते तिघे. आधी त्रिंबक, भिंतीवर घाटाचा तक्ता लावायला. मग सर्जेराव, विसरलेली तंबाखूची डबी आणायला. शेवटी पंच आप्पासाहेब, टेबल मांडायला. तिघांनीही ते आपणहून कबूल केलं.

काकासाहेबांनी पहिल्यांदा सर्जेरावांना बोलावलं. ते दुसऱ्या नंबरवर होते, पुंडलिक दरीत गेला तर वाळूजची जागा त्यांची. सर्जेराव आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं पिवळीधमक होती.

३

सर्जेराव फुलंब्रीकडचे जमीनदार घरचे, प्रेसशॉपचे फोरमन. आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. काकासाहेब बोटांकडे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती नाकाशी नेली.

"पिठलं हाय. पुंडल्याच्या डब्यातलं."

"रोज खाता?"

"रोज. त्याची बायको लई झणझणीत करती. आमच्या घरचं कोन खानार, मिळमिळीत."

काकासाहेबांनी सरळ विचारलं, की विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं. सर्जेरावांनी मान डोलावली. मीच ओरडत होतो म्हणाले, मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुंडलिकच्या तोंडावर सांगितलंय, पुंडलिकनंही मला तोंडावर उत्तर दिलंय, आणि मग दोघं जेवायला बसलो. जागा मला हवी होती हेही खरं. पण फर्दापूरच्या घाटात मी त्याला हरवीन ते माझ्या डब्यानं.

हा माणूस काकासाहेबांना आवडला नाही. पण पोटात ढवळलंही नाही, आणि याचं त्यांना नवल वाटलं. तरी बोटं पिवळी होती. पिठल्याची हळद आणि डब्याची हळद वेगळी ओळखता येईल असा माणूस अजून जन्मायचा होता.

जाता जाता सर्जेराव दारात थांबले. "खेळच नासला हो," ते म्हणाले. "पैलं कसं, आप्पासाहेब मुठीनं चिंचोके उचलायचे, पटापट मोजायचे, हसनं-खिदळनं चालायचं. गेल्या साली पुंडल्या खेळायला आला तवापासून सगळं कोर्टावानी. ज्याचा डबा त्यानंच उघडायचा, चिंचोका चिमट्यानं उचलायचा. एक रेस संपायला दुपार जाती."

काकासाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि त्रिंबकला बोलावलं.

त्रिंबक तिसऱ्या नंबरवर. घर मेंढरांमागचं, पण पोरगा शिकून डिप्लोमा झालेला, आणि शिकला त्या दिवसापासून घाबरलेला. विचारायच्या आतच त्याच्या कपाळावर घाम आला. तक्ता लावला आणि आलो, एवढंच तो तीन वेळा म्हणाला. काकासाहेब गप्प बसून राहिले. पोलिसात शिकलेली ही एकच गोष्ट त्यांना अजून उपयोगी पडत होती.

"मी झाकण उचललं," त्रिंबक शेवटी म्हणाला. "बघितलं फक्त. त्याला रस्ता कसा कळतो ते शिकायचं व्हतं मला. माझा डबा बंद झाला व्हता, काका, मला त्याचा फायदा काहीच नव्हता."

"मग पुंडलिक 'हे माझं नाय' म्हणाला तेव्हा तोंड का शिवलं तुझं?"

त्रिंबकनं खाली पाहिलं. माझं नाव आलं असतं, म्हणाला. एक माणूस सगळ्यांदेखत खोटा ठरत होता, आणि तो खरा आहे हे ठाऊक असलेलं हे पोरगं गर्दीत उभं राहून तोंड मिटून बघत होतं.

"काय दिसलं तुला आत?"

"हळदीची वाटी ब्रेकला व्हती. नऊ चिंचोके."

म्हणजे त्रिंबक बाहेर पडला तेव्हा डबा धड होता. त्याच्यानंतर खोलीत दोघेच गेले होते. त्यातल्या एकाची बोटं पिवळी होती. मॅनेजरांना हे कळलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सर्जेरावांना देण्यासाठी मेमो टाइप करायला सांगितला.

४

"घाई करू नका," काकासाहेब म्हणाले. "पंचाशी बोलायचं राहिलंय."

मॅनेजरांच्या कपाळाला आठी पडली. आप्पासाहेबांची चौकशी म्हणजे देवळाच्या पुजाऱ्याला आरती येते का विचारण्यासारखं, असं त्यांना वाटलं असावं. ड्रॉइंग ऑफिसात वीस वर्षं झालेला माणूस, वाळूजच्या नव्या खोलीचा प्रमुख. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली नामांतराच्या मोर्चातला त्यांचा फोटो होता, हातात फलक घेतलेला. कंपनीतल्या प्रत्येक जयंतीला भाषण त्यांचं असे.

आप्पासाहेब आले ते हात जोडूनच. बोलणं शुद्ध, आवाज मऊ. झालं ते फार वाईट झालं, म्हणाले. या आठवड्यात तर व्हायलाच नको होतं. मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी सुचवलं, की पुंडलिक हा भावनेचा माणूस, सोळा वर्षांच्या लढ्याचं फळ आत्ता कुठं हाती आलं, त्या भरात सकाळी त्याच्याच हातून वाट्या उलटसुलट बसल्या असतील. त्याला दोष देऊ नये. समजून घ्यावं.

"तुम्ही खोलीत गेला तेव्हा डब्यांना हात लावला?"

"छे. मी नियमच तसा केला आहे. ज्याचा डबा त्यानं उघडायचा. मी फक्त मोजतो आणि तेही हातानं नाही." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कातडी म्यानातला एक पोलादी चिमटा काढला, पोस्टाची तिकिटं जमवणारे वापरतात तसला. "हाताला संशय चिकटतो, काकासाहेब. याला चिकटत नाही. दर शर्यतीनंतर मी स्वतः स्पिरिटनं पुसून ठेवतो. हा कधी माझ्या खिशाबाहेर जात नाही, मुलांना हात लावू देत नाही."

तो वापरतात कसा, असं काकासाहेबांनी विचारलं. आप्पासाहेबांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला, एक पांढरा खडू उचलून दाखवला, मग चिमट्याचं टोक कागदावर टेकवून म्हणाले, की असं एकेक टिपत जायचं, चूक होणं शक्य नाही. आज मात्र मोजायची वेळच आली नाही. पहिला डबा पुंडलिकचा, कारण पुढे असेल त्याचा आधी उघडायचा, आणि तो उघडताच हा गोंधळ. चिमटा म्यानातून निघालासुद्धा नाही.

काकासाहेबांनी चहा मागवला. आप्पासाहेबांनी नको म्हटलं, पित्ताचा त्रास आहे. पेढा खाल्ला का, असं काकासाहेबांनी सहज विचारलं. आप्पासाहेब हसले. हिरव्या रेघांच्या ग्राफपेपरात नीट बांधून घेतलाय म्हणाले, असा पेढा एकट्यानं खायचा नसतो, घरी नेऊन सगळ्यांना देणार.

वाक्य छान होतं. इतकं छान, की काकासाहेबांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आप्पासाहेब गेल्यावर ते मोकळ्या हवेसाठी गेटकडे निघाले.

स्कूटर स्टँडच्या मागे कंपनीचं कुत्रं काहीतरी चाटत बसलं होतं. काकासाहेबांनी वाकून पाहिलं. हिरव्या रेघांचा कागद होता.

५

कागद कुत्र्याकडे सोडून ते परत फिरले. एखाद्यानं पेढा टाकला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. तसं ठरवायचं झालं तर अर्धा जिल्हा आत टाकावा लागेल, हे त्यांना बंदोबस्ताच्या दिवसांपासून माहीत होतं. किळस हा पुरावा नव्हे.

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पुंडलिकचा डबा पुढ्यात ओढला. जो कोणी होता त्यानं काय केलं असेल, ते स्वतः करून बघायचं. ब्रेकच्या जागेवरची लाल वाटी उचलायला गेले तर ती निघेना. डबा जुना, वाट्या एकमेकींना घट्ट टेकलेल्या. अंगठा आत घालून, काठ चिमटीत धरून ओढावं तेव्हा कुठं निघे. त्यांनी पिवळी वाटी तशीच काढली. अंगठा पिवळा झाला. नळाखाली धरून साबणानं घासला, तरी नखाच्या कडेला पिवळं राहिलंच.

मग त्यांनी वाट्या उजेडात धरल्या. पिवळ्या वाटीच्या काठावर, आत आणि बाहेर समोरासमोर, एकेक बारीक रेघ होती. तिथली हळद खरवडून निघाली होती आणि खालचं स्टील चमकत होतं. लाल वाटीलाही तशीच. बोटानं अशी रेघ पडत नाही.

ते सावकाश चौकशीच्या टेबलाकडे गेले. आप्पासाहेबांनी चिमटा टेकवला होता तो कागद अजून तिथंच होता. कोऱ्या कागदावर मोहरीएवढा एक पिवळा ठिपका होता.

काकासाहेब खुर्चीत बसले. सिद्ध झालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

६

मॅनेजरांच्या केबिनमध्ये पाच जण उभे होते आणि मॅनेजर बसले होते. टेबलावर वाळूजच्या इमारतीचा नकाशा पसरलेला, त्यावर पुंडलिकचा डबा. सर्जेरावांचा मेमो टाइप होऊन आला होता. काकासाहेबांनी तो बाजूला सरकवला.

"सर्जेरावांची बोटं पिवळी आहेत," ते म्हणाले. "पण हा माणूस पुंडलिकच्या ताटात रोज हात घालतो. त्याला वाटी हलवायची असती तर त्यानं हातानं हलवली असती. आणि वाटीवर बोटाच्या नाही, चिमट्याच्या खुणा आहेत."

आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, की चिमटे टूलरूममध्ये हवे तितके मिळतात.

"मिळतात. पण हळदीत बुडालेला एकच आहे. या खेळात हळद लागलेला डबाही एकच आहे, बाकीचे कोरे. आज तो डबा मोजायची वेळच आली नाही, चिमटा म्यानातून निघाला नाही, असं तुम्ही म्हणालात. दर शर्यतीनंतर तो स्पिरिटनं पुसता आणि खिशाबाहेर जाऊ देत नाही, असंही तुम्हीच म्हणालात. मग मला दाखवताना कागदावर हा पिवळा ठिपका कशाचा पडला?"

त्यांनी हात पुढे केला. आप्पासाहेबांनी चिमटा दिला नाही. मॅनेजरांनी मागितला तेव्हा दिला. टोकांच्या खाचांत हळद होती, म्यानाच्या आतही होती.

काकासाहेब पुढे बोलत राहिले, थांबले असते तर त्यांना राग आवरला नसता. दुसरा कुणीही असता तर त्यानं सरळ मूठ घालून चिंचोके हलवले असते, ते म्हणाले. वाटीच्या आत बोट घालायचं नाही, चिंचोक्याला शिवायचं नाही, आणि गुळगुळीत चिंचोके चिमट्यातून घसरतात, नऊ उचलत बसायला वेळ नाही. म्हणून या माणसानं वाटीचा काठ धरला आणि दोन वाट्या आख्ख्या बदलल्या. डबा इतका टाळायचा होता, की वाट्यांच्या रंगाकडेसुद्धा त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, की पुंडलिकला हे झाकण उघडताच समजणार आहे.

"गेल्या साली पुंडल्या खेळायला आला आनि तुमच्या हाताला चिमटा आला," सर्जेराव मधेच म्हणाले. "तरीच म्हनलं."

"पण का?" मॅनेजरांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आप्पासाहेब, तुम्ही खेळत नाही. जागा तुम्हाला नको. साळवे हरून तुम्हाला काय मिळणार होतं?"

आप्पासाहेबांनी कोटाचं बटण लावलं. मग ते बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मोर्चात चालणं वेगळं असतं, साहेब. ते तत्त्व झालं. मी आजही त्या तत्त्वाच्या बाजूचा आहे. पण ती खोली लहान आहे. एक टेबल, एक माठ. रोज शेजारी बसून डबा खायचा. घरात आई आहे, बायको आहे, त्यांना काय सांगू? मी त्याचं वाईट चिंतलेलं नाही. दुसरीकडे कुठंही त्याला मोठी जागा मिळाली असती तर मी स्वतः हार घातला असता."

ते हे पुंडलिककडे न बघता बोलले. काकासाहेबांनी खूप माणसं कबुली देताना पाहिली होती, रडणारी, शिव्या देणारी. इतक्या स्वच्छ मनानं बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. दंगलीत घरं पेटवणारे तरी रात्री तोंड लपवून फिरत होते.

त्रिंबक पुंडलिकच्या बाजूला उभा होता. मी बघितलं होतं, मी बोलायला पाहिजे होतं, असं तो पुटपुटला. पुंडलिकनं त्याच्याकडे मानही वळवली नाही.

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त संध्याकाळच्या आत सगळं निस्तरायचं होतं. जागा साळवेचीच, ते म्हणाले. त्यात आता वाद नाही. आप्पासाहेबांच्या निवृत्तीला मात्र तीन वर्षं उरली आहेत, कामाला त्यांच्या तोडीचा माणूस नाही, तेव्हा बाहेर गवगवा नको. आणि मग त्यांना तोडगा सुचला. सुचल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नकाशावरचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"हे बघा साळवे. डिझाइनच्या खोलीला लागून ही छोटी खोली आहे. रिकामीच आहे. ती तुम्हाला स्वतंत्र देतो. नवं टेबल, नवा पंखा, तुमचा वेगळा माठ. कुणाची कटकट नाही. खरं तर ही बढतीच झाली."

काकासाहेबांनी डोळे मिटले. आपण कशासाठी एवढी पायपीट केली, असं त्यांना वाटून गेलं.

पुंडलिक नकाशावर वाकला. छोट्या खोलीवर त्यानं बोट ठेवलं, मग ते मोठ्या खोलीवर सरकवलं. फर्दापूरचा रस्ता जाहीर झाल्यावर तक्त्याकडे तो असाच, कुणाकडे लक्ष न देता बघत असे.

"वेगळी जागा आमाला गावानं आधीच दिलेली हाय, साहेब," तो म्हणाला. "ती सोडून इथं आलो आमी. मला ह्या खोलीत टेबल पाह्यजे, जिथं बाकीचे बसत्यात तिथं. नायतर मुंबईला सर्जेरावचं नाव कळवा, मी परत पत्रा घासतो."

"माझं नाव कळवू नका," सर्जेराव म्हणाले. "असल्या जागेवर मी थुंकत बी नाय."

मॅनेजर काकासाहेबांकडे बघू लागले. मोठ्यांचा हा बघण्याचा प्रकार काकासाहेब ओळखून होते. समजुतीनं घ्या, असं ते बघणं म्हणत असतं. काकासाहेबांनी समजुतीनं घेतलं नाही. ते म्हणाले, की चिमटा, वाट्या आणि तो कागद आता त्यांच्या ताब्यात आहेत. सोमवारी ते मुंबईच्या मोठ्या ऑफिसला रीतसर रिपोर्ट करणार आहेत, आणि त्यात ही रिकामी खोली कुणाला देऊ केली होती हेही येईल.

मॅनेजरांनी फोन जवळ ओढला, नंबर फिरवला आणि पुंडलिक साळवेचं नाव सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. होय, मुख्य खोलीतच, ते म्हणाले.

आप्पासाहेब इतका वेळ उभेच होते. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"मग मी कुठं बसायचं?"

मॅनेजर फोनवर बोलत होते, त्यांना थांबता येईना. त्यांनी मान वर न करता नकाशावरच्या त्या छोट्या खोलीवर बोट ठेवलं आणि बोलणं चालू ठेवलं.